पेपरात झोपलेली मुलगी

नाना,

अकरावीचा, तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल आला त्या सकाळी तुम्ही एसटीच्या थांब्यावर आला नाहीत. नगरहून येणाऱ्या गाडीत वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा, त्यात पास झालेल्यांचे नंबर छापलेले असायचे, म्हणून अख्खा वर्ग, कुणाचे भाऊ, कुणाचे चुलते, सगळे थांब्यावर जमले होते. तुम्ही मात्र शाळेत एका मोडक्या बाकाला खिळे ठोकत बसला होतात. तुम्ही हेडमास्तर, आणि बाक दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. मला म्हणालात, "तू जा. बघून ये." तुमच्या गालात लवंग होती. पोटात जळजळायला लागलं की तुम्ही लवंग धरायचात, आणि त्या वर्षी ती गालातून हलली म्हणून नव्हती. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा मागे हातोडीचे ठोके चालू होते, मग मध्येच थांबले. वळून पाहायचा धीर मला झाला नाही.

आज हे लिहायला बसले त्याला कारण झालं. परवा इथे नगरच्या सावेडीत आमच्या शेजारची एक तरुण शिक्षिका घरी आली होती. तिच्या शाळेचा दहावीचा निकाल पडलाय, मुलं मध्येच गळलीत ती वेगळीच, आणि वरून विचारणा झाली आहे की याला जबाबदार कोण. मला म्हणाली, "बाई, तुम्ही जन्मभर शिकवलंत, तुम्हीच सांगा, काय लिहून देऊ?" मी तिच्यापुढे चहा ठेवला, बिस्किटं ठेवली, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. ती गेल्यापासून माझं कशात लक्ष नाही. हा प्रश्न मी आपल्या शाळेच्या पटांगणात पहिल्यांदा ऐकला होता, आणि तेव्हा त्याचं उत्तर तुम्ही दिलं होतं.

मिरजगावच्या अलीकडचं ते गाव आपलं नव्हतं. तुमची हेडमास्तर म्हणून नेमणूक झाली आणि आपण बिऱ्हाड घेऊन तिथे गेलो. शाळेच्या फाटकावर पाटी होती, अकरावीचा निकाल शंभर टक्के. संस्थेचे अध्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी दाखवायचे. तुम्ही पहिल्याच महिन्यात त्यामागची गंमत शोधून काढलीत आणि आईला सांगताना तुम्हाला हसू आलं नाही. आधीचे हेडमास्तर पूर्वपरीक्षा झाली की नक्की पास होणारी चार-पाच मुलं निवडायचे आणि तेवढ्यांनाच बोर्डाच्या परीक्षेला बसवायचे. बाकीच्यांना सांगायचे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यातलं कुणी यायचं नाही. "बसलेच नाहीत ते नापास कुठून होणार?" तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "आपण नवे आहोत इथे. जरा दमानं घ्या."

दमानं घ्यायला वेळच मिळाला नाही. बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या, गुरं छावणीत, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि आई पहिल्यांदा पिठावर चिडली, मग रडली. तुमचा पगार चालू होता, म्हणून आपल्या घरी निदान ती फुटकी भाकरी रोज होती. अकरावीला गणित तुम्हीच शिकवायचात, तो वर्ग मात्र रिकामा व्हायला लागला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथे माणसं खडी फोडत, माती वाहत, आणि अकरावीची निम्मी मुलं त्यांच्यातच होती. माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसणारी मैत्रीणही गेली. उंच, कमी बोलणारी, वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं. बाकाची तिची बाजू रिकामी राहिली आणि मी तिथे दप्तर ठेवायला लागले.

तुम्ही एके दुपारी सायकल काढलीत आणि मला मागे कॅरिअरवर बसवलंत. तलावाच्या कामावर ती आपल्या आईबरोबर दगडाच्या ढिगापाशी बसलेली होती. डोक्यावर फडकं, हातात हातोडा, अंगठ्याचं नख काळंनिळं. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. तुम्ही तिच्या आईला म्हणालात, की मी रोज दुपारच्या सुट्टीत इथेच येतो, लिंबाखाली पोरांना बसवतो, बीजगणित तेवढं करून घेतो. मला वाटलं, ती बाई आनंदानं हो म्हणेल. तिनं आधी मुकादम कुठे आहे ते पाहिलं.

"गुरुजी, पाया पडते, पर हितं येऊ नगा," ती हळूच म्हणाली. "पोरांची वयं वाढवून नावं लावल्यात हजेरीवर. तुमी हितं शाळा भरवली आन् साहेब आला, तर समदी नावं कापतील."

"अहो, पण परीक्षा आलीय तिची."

"ठावं हाय. मला बी वाटतं पोरीनं शिकावं. पर ह्या कामावर दोन हात कमी झालं तर धाकट्यांच्या पोटात काय घालू? खायाला सुकडी मिळती हितं, गुरुजी. शाळेत मिळती का?"

तुम्ही सायकल वळवलीत. परतताना चढावर उतरून सायकल ढकलत होतात आणि मी बाजूनं चालत होते. तुमच्या मानेवर घामाबरोबर खडीची पांढरी धूळ बसली होती. चांगलं करायला जावं तर त्यांची भाकरी जाते, हे तुम्हाला तेव्हा कळलं असणार. मला इतकंच कळलं की तुम्ही घाबरलात, आणि तुम्हाला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पूर्वपरीक्षेत वर्गाची दाणादाण उडाली. तेव्हा अध्यक्ष आपल्या घरी आले. बैठकीच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे होते म्हणून ते सरळ स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. आईनं बिनदुधाचा चहा दिला. ते म्हणाले, "हेडमास्तर, चार पोरं बसवा. पाटी हाय तशी राहू द्या. दुष्काळाचं साल हाय, कोन इचारनार न्हाई." तुम्ही म्हणालात, "जी पोरं वर्षभर जमेल तशी आली, त्या सगळ्यांना मी बसवणार आहे. नापास झाली तरी ऑक्टोबरला परत बसता येईल. बोर्डाकडे नावच गेलं नाही तर त्यांची शाळा इथेच संपते." अध्यक्षांनी बशीतला चहा संपवला, धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं आणि म्हणाले, "आन् निकाल पडला तर?" तुम्ही म्हणालात, "माझ्यावर." ते गेल्यावर आई चुलीपुढेच बसून राहिली. तिनं एवढंच विचारलं, "तुमच्यावर म्हणजे आपल्यावरच ना?" तुम्ही लवंगेची डबी शोधत होतात.

परीक्षेचं केंद्र कर्जतला होतं. मुलींना राहायला ओळखीच्या घरी एक खोली मिळाली आणि आम्हाला रांधून घालायला आई आमच्याबरोबर आली, वातीचा स्टो घेऊन. माझी मैत्रीण कामावरून थेट एसटीत बसली होती. तिचे केस धुळीनं राठ झाले होते, आई तिला विंचरून द्यायला लागली तर फणी चालेना. मराठीचा पेपर झाला, इतिहासाचा झाला. गणिताच्या दिवशी ती माझ्या पुढे तिरक्या ओळीत, खिडकीच्या बाजूला बसलेली. पेपर हातात आला आणि मी लिहायला लागले. थोड्या वेळानं वर पाहते तर तिनं बाकावर डोकं टेकवलेलं. मला वाटलं, विचार करतेय. परत पाहिलं, तरी तशीच. वेणी खाली लोंबतेय, पेन उत्तरपत्रिकेवर आडवं पडलंय. हाक मारता येईना. मी कंपासपेटी मुद्दाम खाली पाडली, तिच्या आवाजानं सगळा वर्ग दचकला, पर्यवेक्षक माझ्या अंगावर धावून आले, पण ती हलली नाही. मला पुढची दोन गणितं धड वाचताही येईनात. घंटा झाली तेव्हा ती उठली, कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर गेली, आणि नळावर तोंड धुतलं.

मी रडत आईला सांगितलं, की ती पेपरात झोपली. आईनं तिला जवळ घेतलं. "किती दमलं गं लेकरू," एवढंच म्हणत राहिली. गावाला परतलो तेव्हा आईनं तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ताटावरून उठलात.

म्हणून थांब्यावर गाडी आली तेव्हा मला ठाऊक होतं, कुठला नंबर नसणार. माझा होता. आणखी मोजक्या तिघाचौघांचा होता. बाकी साऱ्या वर्गाचं बोट त्या कागदावरून वरखाली फिरत राहिलं. एक मुलगा पेपर उलटा करून मागच्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीत आपला नंबर शोधत होता. मी शाळेत आले. तुम्ही माझ्याविषयी विचारलं नाहीत. म्हणालात, "तिचा?" मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही परत हातोडी उचललीत.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. फाटकावरची पाटी अध्यक्षांनी आधीच उतरवून भिंतीला उलटी लावून ठेवली होती. आई आणि मी बायकांच्या बाजूला, कडेला बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "शाळेची अब्रू गेली. मला जास्ती बोलायचं न्हाई. जबाबदार कोन, तेवढं कळू द्या." इतिहासाचे तरुण सर उठले, म्हणाले, पोरं शाळेतच नव्हती तर आम्ही बाकांना शिकवायचं का? त्यावर पालक उसळले. एक जण म्हणाला, "आमच्या पोराला बसवलं कशापायी? घरी राह्यलं असतं तर नापास तरी झालं नसतं. आता गावभर नापास म्हून नाव झालं." कुणी म्हणालं, सरकारनं परीक्षाच पुढं ढकलायला हवी होती. कुणी म्हणालं, पोरीच्या जातीला अकरावीपर्यंत ठेवायचंच कशाला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "हेडमास्तरची लेक बरी पास झाली!" हशा झाला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तुम्ही उभे राहिलात. तुमचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, बारीक येत होता. "ती पास झाली, कारण ती वर्षभर सावलीत बसली होती," तुम्ही म्हणालात. "तुमची पोरं उन्हात होती. हे ठाऊक असून मी त्यांना बसवलं. तेव्हा जबाबदार मी." आणि खाली बसलात. माझ्या मैत्रिणीची आई तेवढ्यात उठली. बायका तिला खाली ओढत होत्या. ती म्हणाली, "गुरुजींनाच का धरता? माझी पोर पेपरात झोपली. का झोपली? तांबडं फुटायच्या आत आमी तिला उठवायचो कामाला. मंग आमी जबाबदार, व्हय? नसती उठवली तर खायाचं काय, त्ये बी सांगा की कुनीतरी." ती उभीच राहिली, उत्तराची वाट बघत. शेवटी ती बसली.

अध्यक्षांना हवं ते मिळालं होतं. एका माणसानं चारचौघांत जबाबदारी घेतली होती. दिवाळीच्या आत तुमचा राजीनामा त्यांनी घेतला. मधल्या काळात तुम्ही नापास झालेल्यांना सकाळी लवकर ओटीवर बसवून शिकवायचात, पण त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि सगळी पोरं पेरणीला गेली. आदल्या वर्षी हात खडीला हवे होते, आता रानाला. मैत्रीण काही दिवस आली, मग तिचं श्रीगोंद्याकडे लग्न जमलं. आपण नगरला आलो. तिथल्या शाळेत तुम्ही साधे शिक्षक म्हणून लागलात आणि निवृत्त होईपर्यंत साधे शिक्षकच राहिलात. हेडमास्तरकी दोनदा चालून आली, तुम्ही नाही म्हणालात. मी बी.एड. करून गणितच शिकवायला लागले तेव्हा तुम्ही मला एकच गोष्ट परत परत सांगायचात, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उठवू नकोस. तुम्ही स्वतः कधी उठवत नव्हता. मुलं तुमच्या तासाला खुशाल डोकी टेकवायची आणि इतर शिक्षक हसायचे. "झोपू दे," तुम्ही म्हणायचात. "एक मुलगी पेपरात झोपली होती माझी." पाहुण्यांना, नव्या शिक्षकांना, सगळ्यांना तुम्ही हे सांगायचात. तुमच्या सगळ्या आयुष्याचा धडा तो होता.

तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, दुपारची, दार वाजलं. दारात ती. ओळखलं ते उंचीवरून. हातात पेढ्यांचा पुडा.

"सर हायत का?"

मी तिला आत घेतलं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो तिला दिसला आणि ती तिथेच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "दहावी झाले मी. आता दहावीच असती न्हवं? आमच्या गावात अंगणवाडी निघाली, त्यांना शिकलेली बाई पायजे हुती. बाहेरनं बसले."

"आणि गणित?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. "सुटलं. चांगलं सुटलं. पोरीच्या पाचवीच्या पुस्तकापासनं सुरवात केली, तिच्यासंगं." मग हसू थांबलं. "त्येच सांगाया आल्ते सरांना. मी त्या दिवशी झोपले न्हवते."

मला आधी कळेचना ती कशाविषयी बोलतेय.

"पेपरात. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, एकबी येत न्हवता. मंग डोकं टेकवलं. डोळं उघडंच हुतं माझं. तू कंपास पाडलीस, त्ये बी ऐकलं की. वर बघितलं असतं तर तुला समजलं असतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुझी आई म्हनली, दमलं लेकरू. माझी आई रडली. समद्यांना पटलं त्ये. मला बी बरं वाटलं. झोपले म्हनलं की दुष्काळाची चूक. येत न्हवतं म्हनलं की माझी." तिनं पुड्याची सुतळी सोडली आणि परत गुंडाळायला लागली. "अपूर्णांकच येत न्हवतं मला, पाचवीपासनं. दरसाल वर घातलं. सर फळ्यावर गणित सोडवायचं, 'कळलं का?' म्हनायचं, समदी 'हो' म्हनायची, मी बी म्हनायची. आन् फळ्यावरलं जसंच्या तसं उतरवून घ्यायची. माझी वही बघून सर खूश व्हायचं. दुष्काळ पडला नसता तरी मी नापासच झाले असते."

तुमच्या बाजूनं काहीतरी बोलायला हवं होतं, पण मीही त्याच वर्गात बसले होते आणि मीही "हो" म्हणणाऱ्यांतलीच होते. फरक इतकाच, की मला न कळलेलं तुम्ही घरी जेवताना समजावून द्यायचात.

"राग न्हाई सरांवर," ती म्हणाली. "उलट लई जीव हुता त्यांचा आमच्यावर. सभेत म्हनलं ना, जबाबदार मी, तवा मला वाटलं, ह्यांना ठावं हाय. पर त्यांना ठावं न्हवतं."

चहा घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना फोटोला नमस्कार करून पेढा ठेवला. तिच्या अंगणवाडीतली मुलं पुढे शाळेत गेली असतील, त्यातली काही टिकली असतील, काही गळाली असतील. पुन्हा आमची भेट झाली नाही.

त्या दिवसानंतर मला "कळलं का?" असं वर्गाला विचारताच आलं नाही, नाना. विचारलं आणि सगळी "हो" म्हणाली की माझ्या छातीत धडधडायचं. मी एकेकाला फळ्यापाशी बोलवायचे, मुलं वैतागायची, अभ्यासक्रम मागे पडायचा, मुख्याध्यापिका बोलायच्या. तरीही दरवर्षी कुणीतरी हातून निसटायचंच. वर्ग संपवून बाहेर पडताना वाटायचं, ह्यातली कोण डोळे उघडे ठेवून डोकं टेकवणार आहे? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण शेजारच्या त्या पोरीनं परवा विचारलं आणि ती धडधड जशीच्या तशी परत आली. दुष्काळ खरा होता, तिचं काळं नख खरं होतं, तिच्या आईचा प्रश्न तर अजून तसाच उभा आहे. अध्यक्षांची पाटी खोटी होती. पण तुम्ही ज्या गोष्टीसाठी नोकरी सोडलीत, जी जन्मभर उराशी धरलीत, ती घडलीच नव्हती. आणि जी घडली होती, ती तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या वर्गात, दर तासाला घडत होती.

आईला मी हे कधी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत त्या दमलेल्या लेकराची आठवण काढत गेली. हे पत्र लिहून तरी तुम्हाला सांगावं, असं मनात होतं, पण लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. तुम्ही हयात असतात, त्या दुपारी पलीकडच्या खोलीत वाचत बसलेले असतात, आणि ती दारात येऊन "सर हायत का" म्हणाली असती, तर मी तिला आधी स्वयंपाकघरात नेलं असतं. सगळं ऐकून घेतलं असतं, आणि मग तिचा हात धरून म्हणाले असते, "पास झालीस तेवढं सांग त्यांना. बाकीचं नको."